आचार्य बुन्यू नांजो : एका परदेशी विद्यार्थ्याचे जीवन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये कसे शिकले, हे आपल्या प्रत्येक स्मरणिकेत येते आणि यायलाच पाहिजे. पण १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर होते. इंग्रजी त्यांच्या हाताशी होती. या लेखात ज्यांची माहिती द्यायची आहे त्यांना बोटीत चढताना इंग्रजीत धड बोलताही येत नव्हते. वय सत्तावीस. घरी मंदिर, डोक्यात चिनी पोथ्या, आणि जायचे कुठे तर थेट लंडनला! जपानमध्ये आणि जगभरच्या बौद्ध अभ्यासकांत त्यांचे नाव फार मोठे आहे. आपल्याकडे ते फारसे कोणी घेत नाही, म्हणून हा प्रयत्न.

बुन्यू नांजो यांचा जन्म १८४९ साली जपानमधील मिनो प्रांतात, ओगाकी या गावी झाला. वडील बौद्ध मंदिराचे धर्मगुरू होते. आपल्या मनात भिक्खू म्हटले की चीवरधारी, घरदार सोडलेली मूर्ती उभी राहते. नांजोंचा पंथ वेगळा. 'जोदो शिनशू' या पंथात धर्मगुरू संसार करतात आणि मंदिर बापाकडून मुलाकडे जाते. पुढे बुन्यू एचिझेन प्रांतातील एका मंदिराच्या घराण्यात दत्तक गेले आणि तिथले नांजो हे नाव त्यांना लागले.

या पंथाची मुख्य उपासना म्हणजे अमिताभ बुद्धाचे नामस्मरण. जपानी माणूस त्याला अमिदा म्हणतो आणि नावाच्या आधी 'नमु' लावतो. हा 'नमु' कोण? आपण रोज विहारात वंदनेला सुरुवात करताना जो 'नमो' म्हणतो, तोच. भारतातून चीनमध्ये आणि चीनमधून जपानमध्ये जाता जाता त्याचा उच्चार तेवढा बदलला. जपानी मुले जी अक्षरे घोकतात त्यांचा क्रमसुद्धा अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असाच चालतो. आपल्या बाराखडीची ही नातलग तिकडे बौद्ध धर्माबरोबरच पोचली. बुन्यू हे लहानपणापासून म्हणत होते, पण त्याचा मूळ अर्थ सांगणारा त्यांच्या देशात कोणी उरला नव्हता. भारतीय अक्षरे काही मंदिरांत पवित्र म्हणून गिरवली जात. व्याकरण मात्र विसरले गेले होते. सगळी सूत्रे चिनी भाषांतरात वाचायची. मूळ संस्कृत कसे होते, कोणालाच माहीत नाही.

१८६८ साली जपानमध्ये मोठी राज्यक्रांती झाली. सम्राटाची सत्ता परत आली आणि नव्या सरकारने शिंतो धर्म उचलून धरला. शिंतो आणि बौद्ध वेगळे करण्याचा हुकूम निघाला आणि त्याच्या आडून ठिकठिकाणी बौद्ध मंदिरांवर हल्ले झाले. मूर्ती फोडल्या, पोथ्या जाळल्या, घंटा वितळवल्या. बाराशे-तेराशे वर्षे ज्या देशात बौद्ध धर्म नांदला तिथेच त्याला परका म्हणायला सुरुवात झाली. ऐन विशीतल्या बुन्यूंनी हा काळ पाहिला. त्यात पाश्चात्त्य विद्येचे वारे सुटलेले. बौद्ध धर्म म्हणजे जुनाट अंधश्रद्धा, असे शिकलेली मंडळी म्हणू लागली.

अशा वेळी रडत बसणारे असतात, आणि उत्तर शोधणारेही असतात. क्योतोच्या हिगाशी होंगानजी या मोठ्या मंदिराचे तरुण वारसदार कोएई ओतानी १८७२ साली काही सहकाऱ्यांना घेऊन युरोपला गेले. तिथे त्यांना कळले की, ज्या संस्कृत बौद्ध ग्रंथांना जपान मुकला ते पॅरिस आणि लंडनच्या ग्रंथालयांत पडून आहेत. ब्रायन हॉजसन नावाचा इंग्रज अधिकारी काठमांडूला होता. त्याने नेपाळमधील बौद्ध पोथ्या जमवून लंडन, पॅरिस आणि कलकत्त्याला पाठवल्या होत्या. युरोपातले पंडित त्या वाचत होते, छापत होते. आणि बुद्धाचे अनुयायी मात्र त्यापासून दूर! तेव्हा मंदिराने ठरवले, की आपली दोन हुशार माणसे तिकडे पाठवायची. एक बुन्यू नांजो, आणि दुसरे केंजू कासाहारा. कासाहारा तीन वर्षांनी लहान, जन्म १८५२ चा.

आता कोणी विचारील, की संस्कृत शिकायचे तर हिंदुस्थानात यायचे, लंडनला कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण १८७६ सालचा आपला देश आठवा. नालंदा मातीखाली. बौद्ध ग्रंथ इथून कधीच नाहीसे झालेले. संस्कृत होती, पण ती कोणाच्या ताब्यात होती आणि कोणाला शिकवली जात होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ह्युएनत्संग सातव्या शतकात चीनमधून चालत आला तेव्हा नालंदेत त्याला गुरू मिळाले. बाराशे वर्षांनी नांजोंना ती सोय राहिली नव्हती. बुद्धाच्या भूमीतली भाषा शिकण्यासाठी त्यांना आधी इंग्रजांची भाषा शिकावी लागणार होती.

जून १८७६ मध्ये दोघे योकोहामाहून निघाले आणि ऑगस्टमध्ये लंडनला पोचले.

पुढली अडीच वर्षे त्यांनी काय केले? इंग्रजी शिकले. चरित्रकार ही वर्षे एका ओळीत उरकतात आणि लगेच ऑक्सफर्डला उडी मारतात. मला मात्र नांजोंच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ हाच वाटतो. सत्तावीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या देशात विद्वान म्हणून मान्यता पावलेला, चिनी ग्रंथ सहज वाचणारा, आणि लंडनच्या रस्त्यावर त्याला पोरासोरांइतकेही बोलता येत नाही! अर्थ मनात तयार असतो, शब्द मिळत नाही. परक्या भाषेच्या मुलखात एकटा पडलेला प्रत्येक विद्यार्थी ह्या अवस्थेतून जातो. आपल्या वस्तीतली जी मुले शिष्यवृत्तीवर परदेशी गेली त्यांना विचारा, पहिले सहा महिने कसे गेले ते.

जपानी माणसाला इंग्रजी का जड जाते, हे मराठी माणसाला चटकन समजेल. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, अगदी आपल्यासारखे. 'मी विहारात जातो' ह्या वाक्यात आपण जायचे शेवटी सांगतो, आणि ते 'त' सुद्धा विहाराच्या मागे चिकटवतो. जपानीतही तसेच. इंग्रजीत सगळे उलट. जाणे आधी, ठिकाण मागून, आणि आपला 'त' तिकडे नामाच्या पुढे येऊन बसतो. शिवाय 'अ' आणि 'द' ही दोन छोटी उपपदे, जी ना जपानीत आहेत ना मराठीत. ती कुठे लावायची आणि कुठे गाळायची, हे आयुष्यभर इंग्रजी बोललेल्या माणसालाही नीट सांगता येत नाही. उच्चाराचे दुखणे आणखी वेगळे. जपानी भाषेत 'र' आणि 'ल' असे दोन निराळे वर्ण नाहीत. एकच आवाज, दोघांच्या मधला. त्यामुळे त्यांच्या कानाला इंग्रजीतला तांदूळ आणि ऊ हे दोन्ही शब्द सारखेच लागतात. हसू येईल, पण परक्या देशात जेवण मागताना अशी चूक झाली म्हणजे हसू येत नाही!

लंडन तेव्हा जगातले सर्वांत मोठे शहर होते. कोळशाचा धूर, दाट धुके, गॅसचे दिवे, जमिनीखालून धावणारी वाफेची आगगाडी. ही आगगाडी १८६३ पासून चालू होती. जपानमध्ये पहिली रेल्वे धावली ती १८७२ साली, म्हणजे नांजो निघण्याच्या जेमतेम चार वर्षे आधी. या गोंगाटात ही दोन माणसे इंग्रजी व्याकरण आणि कोश घेऊन बसली. त्यांच्याबरोबरीचे कितीतरी जपानी तरुण त्या काळी युरोपात आरमार, कायदा, यंत्रविद्या शिकायला आले होते. परत गेल्यावर त्यांना मोठ्या सरकारी जागा मिळणार होत्या. ह्या दोघांना मिळणार होते काय, तर जुन्या पोथ्या.

फेब्रुवारी १८७९ मध्ये दोघे ऑक्सफर्डला प्राध्यापक मॅक्स मुल्लर यांच्याकडे गेले. मुल्लर स्वतः इंग्रज नव्हते. ते जर्मन. १८४६ साली इंग्लंडला आले तेव्हा त्यांचीही इंग्रजी कच्चीच होती. ऋग्वेदाचे त्यांनी केलेले संपादन जगभर गाजले, पण हिंदुस्थान त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नाही. सुरुवातीचे संस्कृत व्याकरण शिकवण्याचे काम त्यांनी आर्थर मॅक्डोनेल या तरुणाकडे दिले. हे मॅक्डोनेल बिहारमधील मुझफ्फरपूरला जन्मलेले. मुझफ्फरपूर म्हणजे वैशालीचा परिसर, जिथे तथागतांनी कितीतरी वेळा वास्तव्य केले. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. वैशालीजवळ जन्मलेला एक गोरा तरुण दोन जपानी धर्मगुरूंना इंग्लंडमध्ये संस्कृत शिकवतो आहे, आणि तीही इंग्रजीतून! शिक्षक विद्यार्थ्यांपेक्षा वयाने लहान. नांजो तिशीला आले होते. तरी त्यांनी विभक्ती आणि धातुरूपे पहिलीच्या पोरासारखी घोकली.

पुढे मुल्लर स्वतः शिकवू लागले. हे विद्यार्थी कसे होते ते मुल्लर यांनी नंतर लिहून ठेवले आहे. त्यावरून दिसते की करमणूक, सहली, मेजवान्या ह्यांत दोघांचे लक्ष नव्हते. काम सांगावे आणि ते वेळेआधी तयार असावे. त्यांचा नम्रपणा आणि सचोटी यांचा मुल्लर यांच्यावर फार परिणाम झाला.

मुल्लर यांना एक शंका बरीच वर्षे होती. जपानमध्ये कुठेतरी मूळ संस्कृत ग्रंथ शिल्लक असलेच पाहिजेत. विद्यार्थ्यांमार्फत चौकशी झाली आणि खरोखरच जपानहून एक पुस्तक आले. त्यात लहान 'सुखावतीव्यूह' सूत्र मूळ संस्कृतात होते. अमिताभ बुद्धाच्या सुखावती लोकाचे वर्णन करणारे हे सूत्र नांजो लहानपणापासून चिनी अक्षरांत म्हणत आले होते. त्याचा मूळ शब्द आज प्रथम कळत होता. १८८० साली मुल्लर यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या शोधावर निबंध वाचला. १८८३ मध्ये मुल्लर आणि नांजो या दोघांच्या नावाने 'सुखावतीव्यूह' ऑक्सफर्डहून छापून निघाले. होर्युजी या प्राचीन मंदिरात ताडपत्रांवर जपून ठेवलेले 'प्रज्ञापारमिता हृदयसूत्र' दोघांनी १८८४ साली प्रसिद्ध केले.

गुरुशिष्यांचा इथे एक मतभेद होता. मुल्लर यांचे म्हणणे असे की, अमिताभाच्या नामस्मरणाने सुखावतीत जन्म मिळतो ही शिकवण मूळ बुद्धाची नव्हे, ती मागाहून आली. तुम्ही जपानला परत जाऊन लोकांना बुद्धाच्या मूळ वचनांकडे न्या, अशी त्यांची अपेक्षा होती. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्या आपल्याला मुल्लर यांचे म्हणणे पटेल. मलाही पटते. पण नांजोंनी आपला पंथ सोडला नाही. त्यांनी गुरूशी वादही घातला नाही आणि गुरूची प्रत्येक गोष्ट मान्यही केली नाही. विद्या घेतली, श्रद्धा स्वतःची ठेवली. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला हे जमणे सोपे नसते, हे त्यांच्या विरुद्ध मत असणाऱ्यानेही मान्य करावे.

आता कासाहारांविषयी. त्यांच्याशिवाय नांजोंची गोष्ट सांगणे हा अन्याय होईल. दोघांनी केंब्रिज आणि पॅरिसच्या ग्रंथालयांत जाऊन नेपाळी पोथ्या हाताने उतरवून घेतल्या. तेव्हा झेरॉक्स नव्हती. पानामागून पान, अक्षरामागून अक्षर. थंड हवा आणि अखंड बैठक कासाहारांच्या प्रकृतीला सोसली नाही. त्यांना क्षय लागला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. १८८२ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून जपानला परत जावे लागले आणि १६ जुलै १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. वय एकतीस. सहा वर्षे खपून जे मिळवले त्याचा उपयोग करायला त्यांना एक वर्षही मिळाले नाही. मुल्लर यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. बौद्ध पारिभाषिक शब्दांचा 'धर्मसंग्रह' हा ग्रंथ कासाहारा तयार करत होते. तो मुल्लर आणि व्हेन्झेल यांनी १८८५ साली पुरा करून छापला.

मित्र निघून गेल्यावर नांजो ऑक्सफर्डला एकटे राहिले. पण हाती घेतलेले सर्वांत मोठे काम त्यांनी सोडले नाही. जपान सरकारने चिनी त्रिपिटकाचा एक संपूर्ण संच लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयाला भेट दिला होता. इंग्रज पंडित सॅम्युअल बील यांनी १८७६ साली त्याची एक यादी केली होती, पण ती अपुरी होती. नांजोंनी सबंध संच तपासायला घेतला. त्यात किती ग्रंथ? १६६२! प्रत्येकाचे चिनी नाव, त्यामागचे मूळ संस्कृत नाव, भाषांतर कोणी केले, कोणत्या राजवटीत, कोणत्या साली, तिबेटी भाषेत तो ग्रंथ आहे का, हे सगळे त्यांनी नोंदवले. सूत्र, विनय, अभिधर्म आणि इतर अशी मांडणी केली. भारतातून चीनला गेलेले आणि तिथे भाषांतरे करण्यात आयुष्य वेचलेले शेकडो आचार्य या यादीत नावानिशी आले. ज्या देशातून ते गेले त्या देशाने त्यांना पार विसरून टाकले होते.

हे पुस्तक १८८३ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापले. त्यावर हिंदुस्थानच्या ब्रिटिश मंत्र्याच्या हुकमाने तयार केल्याची नोंद आहे. आणि इंडिया ऑफिस चालायचे हिंदुस्थानच्या महसुलावर, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. पुस्तक इंग्रजीत आहे. सात वर्षांपूर्वी ज्याला लंडनमध्ये नीट बोलता येत नव्हते त्याने लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथावर पुढची कित्येक दशके युरोपातले पंडित काम करत राहिले. कासाहारांचा मृत्यूही त्याच सालचा.

१८८४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने नांजोंना सन्माननीय एम. ए. पदवी दिली आणि ते मायदेशी निघाले. १८८५ पासून तोक्यो विद्यापीठात ते संस्कृत शिकवू लागले. ज्या देशात संस्कृतचे व्याकरण कोणाला येत नव्हते, तिथे आता वर्ग भरू लागला. १८८७ साली ते हिंदुस्थानात आले, बौद्ध स्थळांचे दर्शन घेतले आणि चीनमार्गे परत गेले. आपल्याकडे तेव्हा बुद्धाचे नाव घेणारे किती होते? अनागारिक धम्मपाल बुद्धगयेला आले ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये. बाबासाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा.

१८८८ मध्ये जपानमध्ये साहित्याची डॉक्टरेट पहिल्यांदा दिली गेली, त्या पहिल्या मानकऱ्यांत नांजो होते. पुढे त्यांनी आपल्या पंथाच्या ओतानी विद्यापीठाचे अध्यक्षपद सांभाळले, पण पोथ्या सोडल्या नाहीत. डच पंडित केर्न यांच्याबरोबर 'सद्धर्मपुंडरीक' सूत्राचे मूळ संस्कृत संपादन केले. ते १९०८ ते १९१२ या काळात रशियात सेंट पीटर्सबर्गला छापले गेले. 'लंकावतार सूत्र' क्योतोला १९२३ साली निघाले, तेव्हा नांजो चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या मागोमाग आणखी विद्यार्थी गेले. जुंजिरो ताकाकुसु हे तरुण १८९० साली नांजोंची ओळख घेऊन ऑक्सफर्डला मुल्लर यांच्याकडे पोचले. त्यांची वाट नांजो-कासाहारांइतकी काट्यांची नव्हती, दार उघडलेले होते. परत आल्यावर ताकाकुसुंनी सहकाऱ्यांसह संपूर्ण चिनी त्रिपिटक नव्याने छापायला घेतले. 'ताइशो त्रिपिटक' म्हणतात ते हेच. १९२४ ला काम सुरू झाले आणि १९३४ ला संपले. जपानहून भारतात येण्याचा ओघही पुढे चालू राहिला. नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचे नाव जोडले गेले ते भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई १९६० च्या दशकात जपानहूनच आले आणि १९८० च्या दशकात भारताचे नागरिक झाले.

नांजोंना ताइशो त्रिपिटकाचे काम सुरू झालेले पाहता आले, पुरे झालेले नाही. ९ नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. 'सुवर्णप्रभास' सूत्राचे संस्कृत संपादन तेव्हा अपुरे होते. होकेई इझुमी यांनी ते पुरे केले आणि १९३१ साली क्योतोला ते दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. १६६२ ग्रंथांना नांजोंनी दिलेले क्रमांक अभ्यासक त्यानंतरही वापरत राहिले. जुन्या इंग्रजी बौद्ध पुस्तकांच्या तळटीपांत एखाद्या सूत्राच्या नावापुढे नांजो आणि एक आकडा दिसला, तर तो आकडा ऑक्सफर्डमध्ये कंदिलाखाली बसून लिहिलेल्या ह्याच यादीतला असतो.